माळजाईची म्हैस

फार पूर्वी एका उंच डोंगरावर एक मोठा माळ होता. माळाच्या वरच्या अंगाला धनगरांची वाडी होती आणि खालच्या अंगाला शेतकऱ्यांची. वरच्या वाडीकडे म्हशी होत्या, खालच्या वाडीकडे नाचणीची शेतं होती. माळ मात्र दोघांचा होता.

श्रावण सरत आला की त्या माळावर फुलं यायची. धुकं जरा हललं की खाली पिवळी सोनकी दिसायची आणि गुलाबी तेरडा दिसायचा. दसरा होऊन गवताचं बी झडलं, की खालच्या वाडीची माणसं विळे घेऊन माळावर यायची. घरं शाकारायला आणि गुरांना घालायला लागेल तेवढं गवत कापून, भारे बांधून न्यायची. मग उरलेल्या खुंटांवर वरच्या वाडीच्या म्हशी चरायच्या. त्यांच्या खुरांनी माती मोकळी व्हायची, शेण पडायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच फुलं यायची. हे कोणी बसून ठरवलेलं नव्हतं. बाप करत होता म्हणून मुलगा करत होता.

माळाखालच्या उतारावर दाट रान होतं आणि रानाच्या मधोमध माळजाई देवीची राई होती. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. तिथले हिरडे आणि जांभळी इतक्या जुन्या होत्या की एका माणसाच्या कवेत मावत नसत. त्यांच्या मुळांपाशी एक झरा होता. दोन्ही वाड्या त्याचंच पाणी भरत.

राईतल्या देवीची पूजा एक म्हातारे गुरव करायचे. ते सगळ्यांना सांगायचे, "हात लावला नाही म्हणून ही राई टिकली." आणि ते अगदी खरं होतं.

एके वर्षी पाऊस लवकर गेला. गवत गुडघ्याएवढंही झालं नाही. खालच्या वाडीचं गवत कापून व्हायच्या आधीच वरच्या वाडीच्या म्हशी माळावर शिरल्या. शिव्या झाल्या, मग काठ्या निघाल्या. एकाचं डोकं फुटलं, एकाचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी देवीपुढे बैठक बसली. खालच्या वाडीचा एक शेतकरी म्हणाला, "गवत आमचं होतं."

वरच्या वाडीचा म्होरक्या धाकू म्हणाला, "गवत पावसाचं. तुम्ही पेरलं होतं का?"

"आणि तुमच्या म्हशी काय स्वतःहून आल्या?"

"म्हशीच त्या. त्यांना विचारून बघा."

दोन्ही वाड्यांचा न्याय खालच्या वाडीतले गावकर करायचे. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी कंटाळले. म्हणाले, "ही राई कोणाची?"

"देवीची," सगळे म्हणाले.

"तिच्यावरून कधी कोणाचं डोकं फुटलं?"

"नाही."

"मग माळही देवीला देऊन टाकू. ना त्यांचा, ना आपला."

ही गोष्ट सगळ्यांना चटकन पटली. खरं सांगायचं तर प्रत्येकाला मनातून बरं वाटलं. आपल्याला गवत मिळणार नव्हतं, पण समोरच्यालाही मिळणार नव्हतं.

सगळ्यांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. माळावर विळा चालवायचा नाही, जनावर घालायचं नाही, फांदी तोडायची नाही. ज्याचं जनावर माळावर गेलं, ते जनावर देवीचं होईल. सूट फक्त एकच ठेवली. भादव्यात गौरीच्या सणाला मुलींनी अनवाणी जावं आणि तेरडा आणावा. त्या डोंगरावर मुखवट्याची गौर नव्हती. माळावरून आणलेला तेरडा हीच तिथली गौर.

पहिल्या वर्षी गवत छातीएवढं झालं. लोक कडेला उभं राहून बघायचे आणि म्हणायचे, "देवीने हाती घेतलं की बघा कसं वाढतं."

पण ते गवत कोणी कापलं नाही. ते तिथेच पडलं, तिथेच कुजलं. दुसऱ्या वर्षीचं त्याच्यावर पडलं, तिसऱ्या वर्षीचं त्याच्यावर. खालच्या छोट्या रोपांना ऊन मिळेना. मग करवंदीच्या जाळ्या आत सरकल्या, धायटी आली, काटेरी गेळा आला. लांबून सगळं हिरवंच दिसायचं. आत कोणी जातच नव्हतं, त्यामुळे काही कळायचंही नाही. गौरीला गेलेल्या मुली दर वर्षी उशिरा परतायच्या आणि त्यांच्या हातातली जुडी दर वर्षी बारीक व्हायची. मुलींना वाटायचं, आपल्यालाच शोधता येत नाही.

आता म्हशींना तर खायला हवंच होतं. वरच्या वाडीने त्या उतारावरच्या रानात घातल्या. खालच्या वाडीला घरं शाकारायला गवत नव्हतं, म्हणून त्यांनी रानातल्या फांद्या आणि पानं तोडायला सुरुवात केली. राईला कोणी हात लावला नाही, पण राईच्या चारी बाजूंचं रान विरळ होत गेलं. नवं रोप उगवलं की म्हैस खायची आणि जुनी फांदी वाढली की कोयता यायचा. पावसात माती वाहून झऱ्यात येऊ लागली. बायका पाणी कपड्यातून गाळून भरू लागल्या. वर माळ आहे आणि खाली रान आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्हींचं काय होतंय, ते एकत्र धरून कोणी बघितलं नाही.

वरच्या वाडीत ठकूबाई नावाची एक विधवा राहायची. तिची एकच म्हैस होती. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव चांदी. चांदीचं तूप खालच्या वाडीत द्यायचं आणि त्यावर नाचणी घ्यायची, असं ठकूबाईचं चाललं होतं. रानातला चारा संपत आला तशी चांदी वाळली. दूध आटलं. तिच्या फासळ्या दिसू लागल्या.

एका हिवाळ्यात ठकूबाईने करवंदीच्या जाळीतून वाट काढली आणि चांदीला माळाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक मोठा काळा कातळ होता. त्याच्या आड कोणाला काही दिसत नसे. तरी चांदी पुढे जाऊ नये म्हणून तिने खुंटा ठोकला आणि तिला लांब दाव्याने बांधलं. चांदी मान खाली घालून खात राहिली. ठकूबाई कातळाला टेकून बसली आणि पुटपुटली, "आई माळजाई, थोडा वेळ दुसरीकडे बघ."

देवीने दुसरीकडे बघितलं असावं, कारण काहीच झालं नाही. मग ठकूबाई पुन्हा गेली. तो हिवाळा आणि त्याच्या पुढचाही हिवाळा चांदी त्याच खुंट्याला चरली. तिच्या अंगावर मांस चढलं, दूध आलं, आणि पुढे ती गाभण राहिली. पावसाळ्यात सगळीकडेच हिरवं असायचं, तेव्हा ठकूबाई तिकडे फिरकत नसे.

त्याच वर्षी गावकरांच्या घरी नवी सून आली. तिचं नाव आवडी. भादव्यात तिचा पहिला ओवसा होता. नव्या सुनेने सुपात वाण भरून गौरीची पूजा करायची, असा तो मान. आवडीने सुपं रंगवून ठेवली होती.

गौरीच्या पूजेच्या आदल्या दिवशी, गौर घरी आणायच्या दिवशी, मुली माळावर गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा त्यांचे हात काट्यांनी ओरबाडले होते आणि जुडी कोणाच्याच हातात नव्हती. एकीच्या ओंजळीत पिवळट पडलेलं एक रोप होतं, त्याला फूल नव्हतं.

त्या डोंगरावर असं कधी झालं नव्हतं. गौर आली नाही.

झऱ्यावर बायका कुजबुजू लागल्या. "इतकी वर्षं येत होती."

"ही आली आणि गौर थांबली. आता काय समजायचं ते समजा."

"पायगुण असतो एकेकीचा."

आवडीने ते ऐकलं. घागर तशीच ठेवून ती एकटी रानात शिरली. कुठेतरी एक तरी तेरडा असेल, असं तिला वाटत होतं. शोधत शोधत ती वर गेली, तर समोरून ठकूबाई चांदीला ओढत आणत होती. पायाखालची वाट ओळखीची म्हणून चांदी त्या दिवशी आपली आपणच कातळामागे गेली होती, आणि ठकूबाईने तिला कशीबशी परत आणली होती.

"काकी, तेरडा दिसला का हो कुठे?" आवडीने विचारलं.

"या रानात कुठला तेरडा, पोरी? इथे पाचोळासुद्धा राहिला नाही."

"माझा पहिला ओवसा आहे. सासूबाई काही बोलत नाहीत. पण झऱ्यावरच्या बायका..." आवडी थांबली.

ती चांदीच्या पायाकडे बघत होती. म्हशीच्या खुराच्या फटीत चिखल होता आणि चिखलात तेरड्याची दोन गुलाबी फुलं चुरगळून अडकली होती.

ठकूबाईनेही ते बघितलं. ती खाली वाकली आणि खूर खरवडल्यासारखं करून तिने फुलं पुसून टाकली. तिला मान वर करवेना.

आवडी चांदीच्या पोटाकडे बघत म्हणाली, "म्हैस गाभण आहे ना?"

"हो. दिवाळीच्या आसपास विईल."

"सांभाळा तिला," आवडी म्हणाली, आणि आली तशी निघून गेली.

संध्याकाळच्या आधी राईत बैठक बसली. दोन्ही वाड्या आल्या होत्या. एका अंगाला एक वाडी, दुसऱ्या अंगाला दुसरी. गुरव म्हणाले, "गौर आली नाही, म्हणजे देवी रुसली. कोणीतरी शपथ मोडली असणार. नाहीतर घरात आलेल्या नव्या माणसाचं काहीतरी असणार."

धाकू म्हणाला, "आमच्या वाडीतलं कोणी नाही. आमच्या म्हशींना माळ कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा आठवत नाही."

खालच्या वाडीतला एक जण म्हणाला, "रान मात्र बरोबर आठवतं त्यांना. झाडाची साल शिल्लक ठेवली नाही."

"आणि फांद्या? त्या म्हशी तोडतात वाटतं, कोयत्याने?"

"गप्प बसा," गावकर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्याच सुनेचं नाव निघालं होतं आणि न्याय त्यांनीच करायचा होता.

गुरव म्हणाले, "पुन्हा एकदा सगळ्यांनी बेलभंडारा उचलावा. कोणीच शपथ मोडली नसेल, तर सूनबाईला माहेरी पाठवा. तिच्याशिवाय गौर येते का, ते पुढच्या वर्षी बघू. आली तर मग..." पुढचं त्यांना बोलवलं नाही.

एकेक जण पुढे येऊन बेलाचं पान आणि भंडारा उचलू लागला. "मी नाही." "मी नाही." "मी नाही."

ठकूबाई रांगेत उभी होती. तिने समोर बघितलं. आवडी बायकांच्या मागे पदर ओढून उभी होती. या मुलीला सगळं ठाऊक आहे, ठकूबाईच्या मनात आलं. हिने एक शब्द काढला तर ही सुटेल आणि मी अडकेन. ही बोलत का नाही?

आवडी बोलली नाही.

ठकूबाईची पाळी आली. तिने हात पुढे केला. एक पान उचलायचं, दोन शब्द बोलायचे, आणि चांदी गोठ्यात राहिली असती. चांदी गेली तर दूध नाही, तूप नाही, घरात नाचणीचा दाणा नाही. हे सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं. तिचा हात पानावर तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला.

"मला उचलता येणार नाही," ती म्हणाली. "माझी म्हैस माळावर चरली आहे. दोन हिवाळे. त्या पोरीच्या पायगुणाचं काही नाही."

वरच्या वाडीची माणसं खाली बघू लागली. खालच्या वाडीत गलका झाला. "बघा, म्हणे आठवतसुद्धा नाही." "हिच्यामुळे गौर गेली."

ठकूबाई म्हणाली, "तेच मला कळत नाही. चांदी जिथे चरली, तिथे गौर आहे. चला, दाखवते."

सगळे निघाले. करवंदीच्या जाळीतून जाताना धोतरं फाटली, पाय सोलले. आपला माळ असा झाला आहे हे बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. जिकडेतिकडे जुनं राखाडी गवत लोळत पडलं होतं आणि त्यातून काट्यांची झुडपं वर आली होती. गुरवांचं उपरणं तर गेळ्याने काढूनच घेतलं.

मग ते कातळाला वळसा घालून गेले आणि थांबले.

तिथे एक गोल होता. जणू कोणी दोरी धरून आखलेला. चांदीचं दावं जिथपर्यंत पोचायचं, तिथपर्यंत गवत आखूड होतं आणि त्यात गुलाबी तेरडा गच्च उभा होता. मधे मधे सोनकी होती. मधमाश्या गुणगुणत होत्या. गोलाच्या बाहेर एकही फूल नव्हतं.

पुढची माणसं गोलाच्या कडेवरच उभी राहिली, मागची त्यांच्या खांद्यावरून बघू लागली.

शेवटी गुरव म्हणाले, "चोरी केली त्या जागेवर देवी फुलं कशाला देईल?"

"मलाही कळत नाही बाबा," ठकूबाई म्हणाली. "मी फक्त म्हैस बांधायची."

खालच्या वाडीचा एक शेतकरी हळूच म्हणाला, "आम्ही गवत कापायचो ना, तेव्हा सगळा माळ असाच दिसायचा."

"आणि आमच्या म्हशी मागून चरायच्या, तेव्हा," धाकू म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

गुरव गोलाच्या बाहेर गेले. त्यांनी काठीने जुनं गवत बाजूला सारलं. खाली ओल होती, अंधार होता, आणि त्या अंधारात तेरड्याचं एक रोप होतं. बारीक, फिकं, उन्हाकडे मान वळवून वळवून थकलेलं. गुरव खाली बसले. ते रोप बघत राहिले.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "राईला हात लावला नाही म्हणून राई टिकली, हे मी जन्मभर सांगत आलो. म्हणून मला वाटलं, माळाचंही तसंच असणार. पण रान एकटं सोडलं तर रान राहतं. माळ एकटा सोडला तर तोही रान व्हायला निघतो. आणि ज्या रानाला आपण एकटं सोडायचं, तिथे आपण सगळे जाऊन पडलो."

गावकर म्हणाले, "म्हणजे माळ देवीचा नव्हताच?"

"देवीचाच होता. पण तो ती आपल्या वाडवडिलांच्या हातांनी राखून घेत होती. आपण हात काढून घेतले आणि त्याला भक्ती म्हणालो."

"ते खरं असेल," मागून एक जण म्हणाला. "पण शपथ ती शपथ. ती मोडता येणार नाही."

हेही सगळ्यांना पटलं. देवीपुढे घेतलेली शपथ त्या डोंगरावर आजवर कोणी परत घेतली नव्हती. गावकरांनी मान हलवली. "ठकूबाई, तू खरं बोललीस. माझ्या सुनेचं नाव राखलंस. मी तुझं देणं लागतो. पण शपथेप्रमाणे चांदी देवीची झाली. मला दुसरं काही सांगता येत नाही."

खुंट्यावरून सुटून, दावं ओढत चांदी ठकूबाईच्या मागे मागे आलीच होती. तिने दावं गुरवांच्या हातात दिलं, पण तिच्या बोटांनी ते सोडायला वेळ लावला. गुरवांनी आयुष्यात कधी म्हैस धरली नव्हती. चांदीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती सरळ गवताकडे चालू लागली. मागून गुरव फरफटत गेले. लोकांना हसू येत होतं, पण हसायची वेळ नव्हती.

तेवढ्यात आवडी पुढे आली. "मामंजी, एक विचारू?"

"विचार," गावकर म्हणाले.

"देवीची म्हैस आता चरायची कुठे?"

गुरव धापा टाकत म्हणाले, "राईत नाही. तिथे काटकीसुद्धा हलवत नाही आपण."

"रानात?"

"रानात उरलंय काय?"

"मग?" आवडी म्हणाली.

गुरवांनी हातातल्या दाव्याकडे बघितलं, चांदीकडे बघितलं, मग माळाकडे बघितलं. सावकाश म्हणाले, "देवीची म्हैस देवीच्या माळावर चरायला काय हरकत आहे? माणसांचं जनावर नको, असं आपण म्हणालो होतो. देवीचं नको, असं नव्हतो म्हणालो."

"आणि राखणार कोण?" गावकरांनी विचारलं.

"मी तर नाही," गुरव म्हणाले. चांदीने त्यांना पुन्हा एक हिसका दिला होता. "जिला ती ओळखते, तिने राखावी. गौरीला देवीपुढे वाटीभर तूप ठेवावं. बाकीचं दूध राखणारीचं. देवी काही दूध विकायला बसणार नाही."

त्यांनी दावं पुन्हा ठकूबाईच्या हातात दिलं. ठकूबाईने ते मनगटाला दोन वेढे घालून घट्ट धरलं. मग तिने चांदीच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

धाकू डोकं खाजवत पुढे आला. "गुरवबाबा, माझ्याही म्हशी देवीला वाहाव्या म्हणतो."

"किती?"

"सगळ्याच."

"भक्ती फार लवकर आली तुला," खालच्या वाडीचा एक जण म्हणाला.

"आली ना पण? तुझी अजून यायची आहे."

"आमचे विळे घ्या मग. तेही देवीचेच."

आता मात्र सगळे हसले. गावकरही हसले. पण लगेच त्यांनी हात वर केला. "थांबा. उद्या सगळे एकदम माळावर तुटून पडाल, तर मग माळही नाही आणि काहीच नाही. इकडे या."

त्यांनी लोकांना माळाच्या कडेला नेलं. तिथून उतारावरचं रान दिसायचं. कुठे लाल माती उघडी पडली होती, कुठे नुसते बुंधे उभे होते. मधे फक्त देवीची राई काळीभोर राहिली होती.

"हेही आपणच केलंय," गावकर म्हणाले.

मग तिथेच सगळं ठरलं. गवताचं बी झडल्याशिवाय विळा चालवायचा नाही. विळ्याच्या मागून म्हशी, आणि पावसाळ्यात म्हशी बाहेर. खालच्या रानात मात्र आता ना म्हैस जाणार ना कोयता, ते पुन्हा भरेपर्यंत. या वेळी बेलभंडारा उचलला तो रानासाठी. दोन्ही वाड्यांनी उचलला, एका पाठोपाठ एक.

ऊन उतरलं होतं. आवडीने गोलातला तेरडा काढला आणि दोन्ही वाड्यांतल्या प्रत्येक घराला पुरतील एवढ्या जुड्या मुलींनी बांधल्या. बी पडायला हवं म्हणून निम्मा तेरडा तसाच ठेवला. त्या दिवशी गौर उशिरा घरी आली, पण आली.

दसऱ्यानंतर दोन्ही वाड्या माळावर कामाला लागल्या. जुनं गवत कापून काढलं. करवंदी खोदताना हात फाटले, कुदळी मोडल्या. दुपारी भाकरी खायला वरची वाडी एका झाडाखाली बसायची आणि खालची दुसऱ्या. पुढे दुसऱ्या झाडाची सावली फारच लहान आहे असं सगळ्यांना वाटू लागलं. सगळा माळ काही साफ झाला नाही. उत्तरेकडच्या जाळ्या तशाच राहिल्या. तिथे बुलबुलांनी घरटी केली आणि उन्हाळ्यात पोरांना करवंदं मिळाली, म्हणून मग त्या मुद्दामच ठेवल्या.

पुढच्या भादव्यात फुलं जिथे तिथे तुरळक आली. त्याच्या पुढच्या वर्षी जास्त आली. रानाला त्याहून वेळ लागला. पण उघड्या मातीवर आधी गवत धरलं, मग गवतात रोपं दिसू लागली, आणि त्यांना खायला कोणी येत नव्हतं. झऱ्याचं पाणी निवळलं.

एका गौरीला दोन्ही वाड्यांच्या बायका तेरडा आणायला एकत्र माळावर गेल्या होत्या. जुड्या बांधून झाल्यावर ठकूबाई आवडीच्या शेजारी येऊन बसली. आवडीची लहान मुलगी समोर गवतात चांदीच्या रेडकामागे धावत होती.

"इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणत होते," ठकूबाई म्हणाली. "त्या दिवशी तू बघितलं होतंस. बोलली का नाहीस? तुला घरातून काढायला निघाले होते."

आवडीने जुडीची गाठ नीट केली.

"म्हैस गाभण होती, काकी," ती म्हणाली. "आणि माहेरी जायला कुठल्या सुनेला नको असतं?"

ठकूबाईला हसू आलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग दोघी उठल्या आणि डोक्यावर जुड्या घेऊन, मुलीला हाक मारत, माळ उतरू लागल्या.

तात्पर्य: सगळं ओरबाडून घेणं म्हणजे प्रेम नव्हे, आणि नुसतं हात जोडून लांब उभं राहणं म्हणजेही प्रेम नव्हे. निसर्गात कुठे आपले हात लागतात आणि कुठून ते काढून घ्यावे लागतात, हे जवळ जाऊन बघावं, आणि आपलं चुकलं असेल तर तसं सांगावं. मग डोंगरही माणसाला सांभाळून घेतो.